नवं वाद्य, नवी खाज : अ‍ॅलर्जी कशी ओळखायची आणि वाद्य न सोडता काय बदलायचं

"नवीन शे ना भो, सवय व्हई जाई." नवी गिटार, नवा तबला किंवा नवं क्लॅरिनेट हातात आल्यावर बोटं लाल झाली, ओठ फुटले, मानेवर चट्टा उठला, की आपल्या खान्देशात बहुतेक जण हेच सांगतात. तारांनी बोटांची टोकं दुखत असतील किंवा तबल्याच्या किनारीने तर्जनी हुळहुळत असेल, तर हा सल्ला अगदी बरोबर आहे. कातडी निबर होते आणि दुखणं थांबतं. अ‍ॅलर्जीची मात्र सवय होत नाही. संपर्क चालू राहिला तर ती वाढत जाते, चट्टा पसरतो, आणि शेवटी मूल वाद्यच बाजूला ठेवतं. बहुतेक वेळा दोष अख्ख्या वाद्यात नसतो, त्याच्या एखाद्या भागात असतो: एक पट्टा, एक तार, एक मुखपीस, एक पावडर. तो भाग शोधून बदलता येतो. तो कसा शोधायचा, ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी बिब्बा आठवा

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला बिब्बा उतणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. बिब्ब्याच्या फळाचं तेल लागतं आज, आणि कातडी भाजल्यासारखी होऊन फोड येतात एक-दोन दिवसांनी. धातू, लाकूड, राळ, रबर यांची अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा याच वाटेने येते. शरीर एखाद्या पदार्थाला पहिल्यांदा 'ओळखून ठेवतं'. त्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, कधी महिने, कधी वर्षंही. एकदा ओळख पक्की झाली की पुढच्या प्रत्येक स्पर्शानंतर २४ ते ७२ तासांत खाज, लाली, बारीक पाणीदार पुरळ आणि नंतर भेगा येतात.

शोध घेताना हे वेळापत्रक फार उपयोगी पडतं. वाद्य आणल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्रास सुरू झाला, तर अ‍ॅलर्जी नव्याने जडलेली असू शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उठलं, तर शरीराची त्या पदार्थाशी ओळख आधीपासून असावी. ती बहुधा कानातल्यांतून किंवा घड्याळाच्या पट्ट्यातून झालेली असते. आणि वाजवता वाजवताच चुरचुरलं, वाजवणं थांबवल्यावर तासाभरात शमलं, तर ती घासणीची किंवा घामाची जळजळ असण्याची शक्यता जास्त.

दुसरा प्रकार क्वचित दिसतो, पण गंभीर असतो. स्पर्शानंतर काही मिनिटांतच अंगावर गांधी उठणं, ओठ-पापण्या सुजणं, घसा आवळल्यासारखा वाटणं, धाप लागणं. नैसर्गिक रबराच्या वस्तूंनी काहींना असं होतं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

पायरी १ : दुकानात जाण्याआधी स्वतःला विचारा

खोट्या दागिन्यांनी कान चिघळतात का? जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ काळसर, खाजरा डाग आहे का? घड्याळाच्या बकलाखाली पुरळ येतं का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर निकेलची अ‍ॅलर्जी आहे असं धरूनच खरेदीला जा. धातूंच्या अ‍ॅलर्जीत निकेल सर्वांत जास्त आढळतं. मुलींचे कान लहानपणीच टोचले जातात आणि नंतर स्वस्त धातूची कानातली येतात, म्हणून मुली-बायकांत ते अधिक दिसतं.

केस काळे करायच्या मेंदीने डोकं किंवा कपाळ सुजलं होतं का, चामडी चपलेच्या पट्ट्याखाली पाय खाजतो का, सुवासिक पावडर सोसत नाही का, हेही आठवून ठेवा. दमा असेल तर पॉलिश, डिंक आणि लाकडाचा भुगा यांच्या बाबतीत जास्त जपावं लागेल.

पायरी २ : दुकानात काय विचारायचं

निकेल वाद्यांत कुठे कुठे असतं ते आधी कळलं पाहिजे. इलेक्ट्रिक गिटारच्या जाड तारांवरचं वेष्टन बहुधा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचं असतं. गिटारच्या दांड्यावर ठोकलेल्या पडद्या (फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या बारीक पट्ट्या) सहसा जर्मन सिल्व्हरच्या असतात. त्यात चांदी अजिबात नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं, निकेल अनेकदा अठरा टक्क्यांच्या आसपास. क्लॅरिनेटच्या चाव्या आणि पाश्चात्त्य धातूच्या बासऱ्याही याच मिश्रधातूच्या असू शकतात. चमकदार घुंगरं, माउथ ऑर्गनची वरची पत्री, पेटीची कडी, डग्ग्यावरचा आरशासारखा मुलामा, ढोलाच्या पट्ट्याचं बकल, ढोलकीचे नट-बोल्ट या सगळ्यांवर निकेल असू शकतं. वर क्रोमचा मुलामा असेल तर त्याखाली सहसा निकेलचाच थर असतो, आणि क्रोम उडालं की तो उघडा पडतो.

काशाचे टाळ त्या मानाने सोपे. कासं म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथील. टाळ वाजवून तळहात हिरवा-काळा झाला तर ती अ‍ॅलर्जी नव्हे. घामाने तांबं गंजल्याचा तो डाग, साबणाने जातो.

युरोपात अंगाला दीर्घकाळ लागणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये असा कायदा आहे. त्यातून एक गोष्ट कळते. वस्तूत निकेल किती आहे यापेक्षा त्यातून *सुटतं* किती हे महत्त्वाचं. चांगल्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असतं, पण ते सुटतं फार थोडं, म्हणून बहुतेकांना चालतं. उलट पातळ मुलामा आणि घाम एकत्र आले की निकेल भराभर सुटतं. वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, लग्नसराई ऐन भरात असते आणि बँडवाले जाड गणवेशात वरातीपुढे तासन्‌तास वाजवत असतात. थंडीत बिनबोभाट चाललेलं वाद्य वैशाखात का चावतं, त्याचं कारण हा खारट घाम आहे.

लाकडाचं गणित वेगळं. शिसवीच्या जातीच्या लाकडांत क्विनोन गटातली रसायनं असतात आणि ती अ‍ॅलर्जी आणू शकतात. आपल्याकडे तबल्याचं खोड, ढोलकी, पखवाज यांना शिसम वापरतात. काही व्हायोलिनची हनुवटीची पट्टी आणि गिटारच्या दांड्यावरची पट्टी शिसवीची असते. सागातही अशी रसायनं आहेत. पण घट्ट, वाळलेलं पॉलिश असलेल्या लाकडाला नुसता हात लागल्याने सहसा काही होत नाही. त्रास होतो तो कच्च्या लाकडाचा, घामाने पॉलिश उडालेल्या जागेचा आणि सर्वांत जास्त भुग्याचा. म्हणून नव्या तबल्याचं किंवा ढोलकीचं खोड बाहेरून पुसून पाहा, फडक्यावर भुगा येतो का. कारागिराला पॉलिश कशाचं आहे आणि कधी मारलं ते विचारा. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात, स्पिरिट लवकर उडून जातं. हात लावला तर चिकट लागत असेल, तर ते वाद्य त्या दिवशी घेऊ नका.

आता वास. स्वस्त गिटारी, पेट्यांची खोकी आणि वाद्यांच्या केसेस प्लायवूड किंवा दाबलेल्या भुशाच्या फळ्यांच्या असतात. त्या चिकटवायच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. केस उघडल्याबरोबर डोळ्यांत पाणी येत असेल, घसा खवखवत असेल, तर दुसरा नग मागा.

कातड्याबद्दल एक गैरसमज काढून टाकायला हवा. तबल्याच्या पुडीचं बकऱ्याचं कातडं आणि ताणायच्या वाद्या (चामडी दोऱ्या) परंपरेने कच्च्या, वाळवलेल्या कातड्याच्या असतात. चपला-पाकिटांसारख्या क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या नसतात, आणि चामड्यातून अ‍ॅलर्जी आणतात ते बहुधा हेच क्षार. क्रोमच्या अ‍ॅलर्जीचा संशय आधी पुडीवर जातो, पण बघायला हवेत ते गिटारचा पट्टा, ढोलाचा कमरपट्टा आणि घुंगरांखालची चामडी गादी.

पायरी ३ : पहिले पंधरा दिवस

नवं वाद्य आणलं की पूजा होते, हळदकुंकू वाहिलं जातं, आणि त्याच संध्याकाळी मूल दोन तास बसतं. थोडं थांबा. केस उघडी ठेवून वाद्य आठवडाभर हवेशीर, सावलीतल्या खोलीत राहू द्या. उन्हात ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात सांधे उकलतात, पुडी ताणून फाटते. कूलरच्या झोतातही नको. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतो, पण त्याच्या ओल्या हवेने कातडं सैल पडतं, बुरशी धरते, आणि डिंकाचा वायू उष्णता व दमटपणा दोन्हींनी जास्त सुटतो. बंद गाडीच्या डिकीत ठेवलेली नवी गिटार तर संध्याकाळी उघडवत नाही.

मग हाताला लागणारे सगळे भाग किंचित ओल्या सुती फडक्याने पुसा आणि लगेच कोरड्याने. पुडीला पाणी लावू नका. पेटीचा भाता पहिल्यांदा चालवताना ती खिडकीपाशी ठेवा. आतला भुगा, सरसाची भुकटी आणि धूळ वाजवणाऱ्याच्या तोंडावर येते.

पहिल्या आठवड्यात रोज वीस-पंचवीस मिनिटंच वाजवा. आधी हात धुवा, नंतरही धुवा, पुसून कोरडे करा. तारा, चाव्या, मुखपीस यांवरचा घाम प्रत्येक वेळी पुसा. यात वाद्याचाही फायदा आहे, गंज चढत नाही.

आणखी एक. या पंधरा दिवसांत नवा साबण, नवी पावडर, नवं तेल सुरू करू नका. तबलजी हाताला जी सुवासिक पावडर लावतात, त्यातल्या सुगंधी द्रव्यांची अ‍ॅलर्जी पुष्कळांना असते. 'तबला सोसत नाही' असं वाटत असताना पावडरचा डबा बदलला की काम भागतं. बिनवासाची पावडर घ्या.

पायरी ४ : खाज कुठे आहे, ते वाद्याशी जुळवा

वहीचं एक पान घ्या. तारीख, किती वेळ वाजवलं, कुठे उठलं, किती तासांनी उठलं, एवढंच लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. डॉक्टरकडे जाईपर्यंत चट्टा मावळलेला असतो, तेव्हा हा फोटोच कामी येतो.

पुरळाची जागा बहुतेक वेळा दोषी भागावर बोट ठेवते. उजव्या हाताने तार छेडणाऱ्याच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं सोलली, तर तारा आणि पडद्या. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला रेघ उठली, तर गिटारच्या कडेचं पॉलिश. खांद्यावर तिरपा पट्टा उठला, तर पट्ट्याचं चामडं किंवा रंग.

क्लॅरिनेटवाल्यांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या बँडपथकांत हे वाद्य खूप आणि त्यांच्या ओठांकडे कोणी लक्ष देत नाही. खालच्या ओठावर खाज, भेगा, सूज असेल तर मुखपिसाला बांधलेल्या वेताच्या पातीवर (रीडवर) संशय घ्या. ती अरुंडो डोनॅक्स या बोरूसारख्या उंच गवताची असते, आणि तिने ओठांना त्रास झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. दोन्ही ओठांवर, तोंडाभोवती असेल तर काळ्या एबोनाइटच्या मुखपिसाकडे पाहा. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर; रबर पक्कं करायला वापरलेली रसायनं त्यात उरलेली असू शकतात. फक्त उजव्या अंगठ्याच्या बाजूला घट्टा आणि खाज असेल, तर वाद्याचं सगळं वजन पेलणारा खालचा धातूचा टेकू दोषी. एकाच वाद्यावर तीन जागा, तीन पदार्थ, आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

ट्रम्पेटवाल्याच्या ओठांभोवती गोल कडं उठलं, तर मुखपिसाचा मुलामा उडाला आहे का ते पाहा. माउथ ऑर्गनमध्ये दोन्ही ओठांचे कोपरे आधी फुटतात.

तबल्यात बोटांच्या पेरांवर उठलं तर पावडर आणि पुडी. ठोकायच्या हातोडीची मूठ ज्या तळहाताला लागते तिथे उठलं तर हातोडी. पखवाजवाल्यांनी कणकेचाही विचार करावा. डाव्या पुडीला लावायची ओली कणीक मळताना हात खाजत असतील किंवा शिंका येत असतील, तर गव्हाच्या पिठाचं डॉक्टरांना सांगावं. ढोलकीच्या धुम्याच्या (खर्जाच्या बाजूच्या) मसाल्यात राळ घातली आहे का, ते बनवणाऱ्याला विचारा. राळ म्हणजे चीडाच्या झाडाचा डिंक. व्हायोलिन-सारंगीच्या गजाला लावतात तीही हीच. तिची भुकटी उडते, म्हणून त्रास पापण्या, मान आणि बोटं अशा विखुरलेल्या जागी दिसतो.

व्हायोलिन हनुवटीखाली धरणाऱ्याच्या मानेच्या डाव्या बाजूला डाग पडतो. कोरडा, तपकिरी, जाडसर असेल तर तो घासून पडलेला असतो. खाजरा, ओलसर असेल तर हनुवटीची पट्टी किंवा ती आवळणारा धातूचा चाप बघा. लावणी-कथकवाल्या मुलींच्या घोट्याभोवती घुंगरांचे ठसे उठतात. लेझीममध्ये तळहातावर मुठीचं पॉलिश लागतं. साक्री-नवापूरकडच्या पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्यात दुधी, बांबू आणि मेण असतं. मधमाश्यांच्या मेणाबरोबर प्रोपोलिस, म्हणजे पोळ्यातला चिकट डिंकही येतो, आणि काहींच्या ओठांना तो सोसत नाही.

पायरी ५ : दुसरं काही नाही ना?

वाद्याला दोष देण्याआधी तीन गोष्टी वगळा.

पहिली, गजकर्ण. ढोल-ताशा पथकातल्या मुलांच्या कमरेला पट्ट्याखाली गोल, कडेने उठलेला, मधून निवळत जाणारा आणि पसरत जाणारा चट्टा बहुधा बुरशीचा असतो. घामेजल्या पट्ट्याने तो होतो, आणि पट्टे एकमेकांचे वापरले की पथकभर फिरतो. याला अ‍ॅलर्जी समजून मेडिकलवरून तीन औषधांची मिसळ असलेली ट्यूब आणून लावणं फार घातक आहे. त्यातल्या स्टेरॉइडने खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी आत पसरते. मग महिनोन्‌महिने हटत नाही.

दुसरी, गाजर गवत. दिंडीत, शेताच्या बांधावर, रस्त्याकडेला उभं असलेलं हे गवत १९५०च्या दशकात पुण्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज खान्देशात पावसाळ्यात गावोगाव फोफावतं. त्याचे कण हवेतून येतात. चेहरा, पापण्या, मान, कोपराच्या खोबणी, म्हणजे उघडे भाग खाजतात. मुक्ताईच्या पालखीबरोबर चालताना चेहरा सुजला आणि हातात नवे टाळ होते, तर टाळ दोषी नसण्याचीच शक्यता मोठी.

तिसरी, घामोळ्या. बारीक, सारख्या, टोचणाऱ्या. गार जागी दोन दिवसांत बसतात.

पायरी ६ : एका वेळी एकच भाग

दोन ते तीन आठवडे वाद्य पूर्ण बंद ठेवा, म्हणजे कातडी निवळेल. नंतर संशयित भागांपैकी *एकच* बदला आणि आठवडाभर वाजवा. गिटार असेल तर आधी तारा बदला: अकूस्टिकला फॉस्फर ब्रॉन्झच्या, क्लासिकलला नायलॉनच्या. तरी बोटं फुटली तर पडद्यांकडे वळा. तारा, पट्टा, पावडर सगळं एकदम बदललं तर बरं वाटेल, पण कारण कळणार नाही, आणि तोच पदार्थ दुसऱ्या वस्तूतून परत येईल.

निकेलसाठी एक सोपी रासायनिक चाचणी आहे. डायमिथाइलग्लायॉक्झिमचे थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन धातूवर अर्धा मिनिट घासतात. बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतं आहे. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातले शिक्षक हे करून देऊ शकतील. बोळा पांढरा राहिला तर निकेल अजिबात नाही असं मात्र समजू नका, फार कमी सुटत असेल तर रंग येत नाही.

लाकडाचा भुगा, राळेची पूड किंवा पॉलिश स्वतःच्या हाताला बांधून 'बघू उठतं का' असा प्रयोग करू नका. नसलेली अ‍ॅलर्जी अशाने जडू शकते. संशय आला म्हणून हनुवटीची पट्टी घरी काचकागदाने घासणं तर सर्वांत वाईट. घट्ट पॉलिशखाली दबलेलं लाकूड तुम्ही भुग्याच्या रूपात मोकळं करता.

पायरी ७ : उठलंच आहे, तर

साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. गार पाण्याची सुती पट्टी दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. कोरड्या, भेगाळलेल्या भागावर साधं पेट्रोलियम जेली लावा. हळद-तेल, लिंबू, टूथपेस्ट, निंबाचा वाटलेला पाला हे फुटलेल्या कातडीवर लावू नका. आणि बिब्बा तर कोणत्याही कारणाने नको. खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. काही गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेऊन मोटारसायकल चालवू नये.

पापण्या किंवा चेहरा सुजला, पू झाला, ताप आला, पुरळ वाद्याच्या स्पर्शापलीकडे पसरलं, किंवा वाजवताना खोकला-धाप लागू लागली, तर लगेच दाखवा. फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या बाबतीत खोकला हलका घेऊ नका. २०१६ मध्ये 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात बॅगपाइप (पिशवीत हवा फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणाऱ्या एका ६१ वर्षांच्या माणसाची नोंद आली. वाद्यात वाढलेल्या बुरशीमुळे फुप्फुसाला सूज येत राहिली असावी, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. त्यात तो दगावला. त्याआधी वाद्य घरी ठेवून परदेशी गेला, ते तीन महिने त्याची प्रकृती सुधारली होती. म्हणून मुखपीस आणि पाती प्रत्येक वेळी पुसून, वाळवून मगच केसमध्ये ठेवा, आणि दुसऱ्याचं मुखपीस तोंडाला लावू नका.

पायरी ८ : पॅच टेस्ट

कारण पक्कं शोधायची खात्रीची चाचणी ही. पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांचे छोटे ठिपके पट्टीने चिकटवतात, ४८ तास ठेवतात, काढून पाहतात आणि ७२ ते ९६ तासांनी पुन्हा पाहतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित संचात निकेल, क्रोमचं पोटॅशियम डायक्रोमेट, राळ, फॉर्मल्डिहाइड, इपॉक्सी (कडक होणारा कृत्रिम डिंक), रबरातली रसायनं, सुगंधी मिश्रण आणि गाजर गवत हे सगळं असतं. म्हणजे वाद्य की गवत, याचा निकाल एकाच चाचणीत लागू शकतो. शिसवीसारखी लाकडं त्या संचात नसतात, म्हणून वाद्य आणि तुमची वही दोन्ही बरोबर न्या.

दिवस नीट निवडा. पट्ट्या भिजता कामा नयेत, शेवटची पाहणी होईपर्यंत पाठीला अंघोळ नाही, घाम नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हे जमणं कठीण. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उत्तम. पाठीवर स्टेरॉइडचं मलम किंवा पोटातून स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या त्वचारोग विभागात पॅच टेस्ट कोणत्या दिवशी होते ते फोनवर विचारून मग गाडी पकडा, कारण धडगाव-अक्कलकुव्याहून एका चाचणीसाठी तीन वेळा यावं लागतं.

पायरी ९ : वाद्य ठेवा, भाग बदला

निकेल निघालं तर: पेटीची कडी, बकल, स्क्रू यांवर नखपॉलिशचे दोन पारदर्शक थर, दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. तारा किंवा पडद्यांवर हे टिकत नाही, तिथे धातूच बदलावा लागतो. स्टेनलेसच्या पडद्या कारागीर बसवून देतो, खर्च येतो पण एकदाच. ट्रम्पेटला प्लास्टिकचं मुखपीस मिळतं आणि सरावाला अगदी चालतं. सोन्याचा मुलामा दिलेलंही मिळतं, पण सोन्याची अ‍ॅलर्जीही काहींना असते.

पात सोसत नसेल तर कृत्रिम पात. एबोनाइट नको तर अ‍ॅक्रिलिक किंवा काचेचं मुखपीस. चामड्याच्या पट्ट्याऐवजी न रंगवलेल्या सुती निवारीचा पट्टा. गावातला शिवणारा अर्ध्या तासात करून देतो, आणि तो धुताही येतो. घुंगरं सुती मोज्यावर बांधावीत. घामाने मोजा भिजला की बदलावा, नाहीतर धातू त्यातूनही लागतो. हनुवटीची पट्टी बॉक्सवुडची किंवा प्लास्टिकची घ्या, वर मऊ सुती रुमाल.

लाकडाचा दोष निघाला आणि पॉलिश झिजलेलं असेल, तर कारागिराकडून नव्याने पॉलिश करून घ्या आणि पुरतं वाळेपर्यंत वाद्य त्याच्याकडेच राहू द्या. या निमित्ताने त्याच्याशीही बोला. वाजवणाऱ्याला लाकूड बोटांच्या टोकांना लागतं. कारागीर दिवसभर भुग्यात बसतो. त्याच्या पापण्या सुजत असतील, संध्याकाळी खोकला येत असेल, सुट्टीच्या दिवशी बरं वाटत असेल, तर पूर्ण बाह्या, घट्ट बसणारा मास्क, आणि भुगा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं एवढं आजपासून सुरू करता येतं.

भजनी मंडळ, पथक किंवा शाळेची सामाईक वाद्यं असतील तर पट्टे, गाद्या आणि मुखपिसं ज्याची त्याला वेगळी द्या, नावाची चिठ्ठी लावा. वर्गात एखादं मूल वाद्य धरायला टाळाटाळ करत असेल, तर ओरडण्याआधी त्याचे तळहात उलटे-सुलटे करून पाहा. पालकांना पाठवायच्या चिठ्ठीत 'अ‍ॅलर्जी आहे' एवढंच लिहू नका. कोणत्या वाद्याचा कोणता भाग, किती दिवसांपासून, अंगावर कुठे, हे लिहा. डॉक्टरांना त्याचाच उपयोग होतो.